‘रॅपर्स डिलाइट’मधला बेस सॅम्पल केलेला नाही

शुगरहिल गँग या रॅप गटाच्या १९७९च्या ‘रॅपर्स डिलाइट’ या गाण्यात शिक या बँडच्या ‘गुड टाइम्स’चा तुकडा सॅम्पल केलाय, म्हणजे मूळ रेकॉर्डमधून जसाच्या तसा उचललाय, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चाल शिकचीच आहे, पण बेस गिटार आणि ड्रम्स स्टुडिओत नव्याने वाजवलेले आहेत.

तेव्हा सॅम्पलर, म्हणजे असे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र, हे सामान्य साधन नव्हतंच. हिप-हॉपवाल्यांचा लाडका सॅम्पलर एसपी-१२०० आला १९८७मध्ये, आणि त्याच्याही मेमरीत जेमतेम दहा सेकंद मावायचे. म्हणून लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५वर फिरवून तुकडा कमी वेळात भरत आणि मग सूर खाली उतरवत. त्यात वरचे बारीक आवाज खरबरीत होतात. तो खरबरीतपणा इथे नाही. सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या शुगर हिल लेबलने पॉझिटिव्ह फोर्स या बँडकडून साथ वाजवून घेतली. बारा इंची रेकॉर्डवर गाणं साडेचौदा मिनिटांचं आहे! इथे लूप (यंत्राने तोच तुकडा फिरवत राहणं) नाही, म्हणजे बेसवरचे ‘ई’ स्वराचे ते तीन ठोके आणि पुढची चढण बोटांनीच पुन्हा पुन्हा वाजवायची. हेडफोनवर सलग ऐका, स्वरांचा जोर फेरीगणिक किंचित बदलतो. लूपमध्ये असं होत नाही.

मग श्रेय शिकच्या बर्नार्ड एडवर्ड्स आणि नाइल रॉजर्सना का? कारण रचनेचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. स्वतः वाजवलं तरी चाल त्यांचीच. त्यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्यावर त्यांची नावं गीतकार म्हणून लागली, आणि ते योग्यच झालं.