प्रवाही प्रकल्पालाही धरण असते

भाक्रा धरण सर्वांच्या परिचयाचे आहे: सतलजवरील सुमारे 226 मीटर उंचीची भिंत, तिच्यामागे गोविंदसागर जलाशय आणि पायथ्याशी वीजगृहे. घोळ होतो तो त्याच नदीवर, पण बरेच वर असलेल्या 1500 मेगावॅटच्या नाथपा झाकरी प्रकल्पाविषयी. तो ‘रन ऑफ द रिव्हर’, म्हणजे मोठा साठा न करता नदीच्या चालू प्रवाहावर चालणारा प्रवाही जलविद्युत प्रकल्प आहे, एवढे कळले की ‘तेथे धरण नाही’ असे लिहून लोक मोकळे होतात.

नाथपा येथे धरण आहे आणि ते 60 मीटरहून उंच आहे. चिनाबवरील बगलिहारचे धरण तर 144 मीटर उंच असूनही तो प्रकल्प प्रवाहीच गणला जातो, कारण 1960 च्या सिंधू जलकरारातील व्याख्या भिंतीची उंची नव्हे, तर उपयुक्त साठा पाहते. म्हणून भिंतीमागचे पाणी किती काळ पुरेल, हे विचारावे. भाक्र्याला पावसाळ्यात अडवलेले पाणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवून वापरता येते. नाथप्याचा तलाव मात्र, वरून येणारे पाणी थांबले आणि सर्व संच पूर्ण क्षमतेने चालवले, तर काही तासांतच रिता होईल. वीजगृहाकडे पाणी नेणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी पाण्याची पातळी टिकवणे आणि दिवसभरात थोडे पाणी राखून ते सायंकाळच्या वाढत्या मागणीला देणे, एवढेच त्याचे काम. एका ऋतूचे पाणी दुसऱ्या ऋतूला देणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

यामुळेच या प्रकल्पाविषयी नुसता मेगावॅटचा आकडा मिरवलेला मला खटकतो. 1500 मेगावॅट वर्षभर अखंड चालले तर 13 अब्जांहून अधिक युनिट वीज मिळेल. प्रत्यक्षात साधारण निम्मी मिळते. थंडीत बर्फ वितळणे मंदावते आणि नदी रोडावते. पावसाळ्यात पाणी मुबलक असते, पण गाळ टर्बाइनची पाती झिजवतो, त्यामुळे तो फार वाढल्यास संच बंद ठेवावे लागतात.

सिंचन आणि पूरनियंत्रण ही भाक्र्याची जास्तीची कामे उघडच आहेत. बुडित क्षेत्र कमी म्हणून प्रवाही प्रकल्प नदीला निरुपद्रवी, हे मात्र मान्य होण्यासारखे नाही: सुमारे 428 मीटरचा शीर्ष, म्हणजे पाणी पडण्याची उंची, मिळवण्यासाठी पाणी 27 किलोमीटरहून लांब बोगद्यातून झाकरीला नेले जाते आणि थंडीत मधल्या पात्राच्या वाट्याला जवळजवळ केवळ सक्तीचा किमान विसर्ग येतो.