मोरचूद जिभेवर, चुना पोटात

"डुकराला काय, काहीही घाला, खातं." पुण्यात हे वाक्य फार खात्रीने बोललं जातं, कारण बहुतेकांनी डुक्कर पाहिलेलं असतं ते उकिरड्यावर. मोठ्या डुकराच्या बाबतीत ते थोडंफार खरंही आहे. पण काल आईपासून तोडलेलं, सहा-सात किलो वजनाचं पिल्लू गव्हाणीपाशी उभं करा आणि तेच वाक्य पुन्हा म्हणून बघा. हा जीव विलक्षण चोखंदळ असतो. त्याच्या जिभेवर माणसाच्या दुपटीहून जास्त रुचिकलिका असतात. दूध तुटल्यावर पहिल्या २४ तासांत जेमतेम निम्मी पिल्लं कोरड्या खुराकाला तोंड लावतात, आणि दहातलं एखादं पिल्लू दोन दिवस उलटले तरी लावत नाही.

हे दोन दिवस महाग पडतात. लहान आतड्याच्या आतल्या मखमलीसारख्या बारीक उंचवट्यांमधून अन्न शोषलं जातं. आतड्यातून अन्न सरकलं नाही की हे उंचवटे तीन-चार दिवसांत झिजून बरेच आखूड होतात. मग पिल्लू भुकेने एकदम भरपूर खातं, ते पचत नाही आणि हगवण लागते. म्हणून दूध तोडतानाच्या खुराकात 'किती टक्के प्रथिनं' याच्याही आधी 'ते खाईल का' हा प्रश्न येतो. आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा पोत्यातल्या सर्वांत लहान पुडीत असतं. ती पुडी म्हणजे मिनरल मिक्श्चर.

मिनरल मिक्श्चरच्या पिशवीवर तांबं इतकं, जस्त इतकं, कॅल्शियम इतकं असं छापलेलं असतं. तेवढ्यावर काहीच ठरत नाही. ते कोणत्या क्षाराच्या रूपात आहे आणि कुठे विरघळतं, यावर सगळं ठरतं. जिभेवर विरघळणारं तांबं आणि पोटात विरघळणारं तांबं पिल्लाच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत.

मोरचूद घ्या. द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांच्या ओळखीचा हा निळा खडा म्हणजे कॉपर सल्फेट, त्यात २५ टक्के तांबं. ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकून ढवळा, पाणी लगेच निळसर होतं. लाळेतही तेच होतं. सुटे झालेले तांब्याचे आयन जिभेला कडवट, धातूसारखे लागतात. आता कॉपर हायड्रॉक्सिक्लोराइडची हिरवट पूड दुसऱ्या ग्लासात टाका. पाणी स्वच्छ राहतं, पूड तळाशी बसते. त्यात पांढरं व्हिनेगर घातलंत की पूड हळूहळू विरघळू लागते आणि पाण्यावर रंग चढतो. म्हणजे हे तांबं तोंडातून गुपचूप पुढे जातं आणि जठरातल्या आम्लात मोकळं होतं. पिल्लांसमोर दोन गव्हाणी ठेवल्या, एकीत मोरचूद आणि दुसरीत तेवढंच तांबं हायड्रॉक्सिक्लोराइडच्या रूपात, तर कल दुसरीकडे दिसतो. मोरचुदाचा आणखी एक त्रास म्हणजे तो दमट हवा ओढून घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये पिशवी उघडी राहिली तर गोळे होतात, शेजारच्या राईस पॉलिशमधलं (भाताच्या बारीक कोंड्यातलं) तेल लवकर खवट होतं, आणि खवट वास पिल्लाला तांब्याइतकाच नकोसा असतो.

इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी. पसंती आणि प्रत्यक्ष खाणं एक नव्हे. दोन गव्हाणी असतील तर पिल्लू जास्त तांब्याचा खुराक टाळतं. एकच गव्हाण असेल तर भूक जिंकते, आणि काही दिवसांनी जास्त तांब्यावरची पिल्लं उलट जास्त खातात, जास्त वाढतात. तांब्याच्या मोठ्या मात्रेने डुकरं जोमाने वाढतात हे इंग्लंडमध्ये १९५५ मध्येच दाखवलं गेलं होतं. जीभ 'नको' म्हणते आणि आतडं 'चालेल' म्हणतं, असा हा प्रकार आहे. पहिल्या तीन दिवसांत मात्र निर्णय जिभेचाच असतो, म्हणून तेवढे दिवस जिभेला दुखवू नये. युरोपीय संघात दूध तोडल्यानंतर चार आठवड्यांपर्यंत किलोला १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं चालत नाही. गरजेपुरतं हवं असेल तर ५-६ मिलिग्रॅम पुरतं.

आता माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे, जठरातल्या आम्लाकडे.

दूध पिणाऱ्या पिल्लाच्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल फार तयार होत नाही. त्याला त्याची गरजही नसते. दुधातल्या लॅक्टोज या साखरेवर लॅक्टोबॅसिलस जंतू जगतात आणि लॅक्टिक आम्ल करतात, पोट त्याच्यावर आंबट राहतं. दूध तुटलं की लॅक्टोज जातो, त्याबरोबर लॅक्टिक आम्ल जातं, आणि स्वतःची आम्लग्रंथी अजून कच्चीच असते. दूध जितकं लवकर तोडाल तितकी ती कच्ची. जठराचा पीएच ४-५ पर्यंत चढतो (हा आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी). प्रथिनं तोडणारं पेप्सिन २ ते ३.५ पीएचला नीट चालतं, वर गेलं की मंदावतं. अर्धवट पचलेलं सोयापेंडेचं प्रथिन तसंच खाली सरकतं आणि तिथे हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जंतूंना आयतं जेवण मिळतं. शिवाय आम्ल हा जठराच्या दारावरचा पहारेकरी असतो. तोंडावाटे येणारे जंतू एरवी तिथेच मरतात. पहारा ढिला पडला की तेही सुखरूप पुढे जातात.

अशा पोटात आपण चुनखडी टाकतो. मार्बल पावडर, शिंपल्याची भुकटी, लाइमस्टोन ग्रिट, नाव काहीही असो, वस्तू कॅल्शियम कार्बोनेटच. शाळेतलं समीकरण आठवा: कार्बोनेट अधिक आम्ल, बरोबर क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. एक मोल कार्बोनेट, म्हणजे १०० ग्रॅम, दोन मोल आम्ल खातं. पिल्लू दिवसाला २०० ग्रॅम खुराक खात असेल आणि त्यात १ टक्का चुनखडी असेल तर पोटात २ ग्रॅम चुनखडी गेली. ती पूर्ण विरघळायला ४० मिलिमोल आम्ल लागतं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या भाषेत ४०० मिलिलिटर. कच्च्या जठराच्या पिल्लाकडून आपण रोज एवढं आम्ल काढून घेतो, आणि मग 'प्रोटीन वाढवलं तरी हगवण का?' म्हणून डोक्याला हात लावतो.

डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे दुकानातलं डीसीपी, त्याच वजनाला चुनखडीच्या निम्म्याहूनही कमी आम्ल बांधतं. म्हणून दूध तोडल्यावरच्या पहिल्या १४ दिवसांत डीसीपी ठेवावं, चुनखडी निम्मी करावी. मका-सोयापेंडेच्या खुराकात साधारण १ टक्का डीसीपी आणि १ टक्का चुनखडी असेल तर एकूण कॅल्शियम ०.७ टक्क्याच्या आसपास भरतं. चुनखडी अर्धा टक्का केली तर ते अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर उतरतं. जोडीला टनाला ५ लाख युनिट, म्हणजे किलोला ५००, इतकं फायटेज हे विकर (एन्झाइम) घातलं की दाण्यात अडकलेला फॉस्फरस आणि थोडं कॅल्शियम सुटतं. दोन आठवड्यांत हाडं काही मऊ पडत नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून चुनखडी पूर्ववत करायची, हे मात्र विसरू नये.

चुनखडीचा दुसरा घाव जस्तावर पडतो. मका, सोयापेंड, राईस पॉलिश यांत फायटिक आम्ल असतं, सहा फॉस्फेट गटांचं. आतड्यात कॅल्शियम जास्त असलं की ते फायटिक आम्लाशी मिळून जस्ताला असं धरतं की ते न विरघळणारं बनतं आणि शेणावाटे निघून जातं. डुकरांच्या कातडीला खरबरीत, भेगाळलेले खपले धरणारा पॅराकेराटोसिस पूर्वी अनेकांना खरूज वाटायचा. टकर आणि सॅमन या दोन संशोधकांनी १९५५ मध्ये दाखवलं की तो जस्ताच्या कमतरतेचा आजार आहे, आणि खुराकात कॅल्शियम वाढलं की तो बळावतो. जस्त कागदावर पुरेसं असूनही पिल्लाला मिळत नाही, हे त्यातून कळलं. अजूनही कातडी खरबरीत दिसली की पहिल्यांदा गंधकाचं मलम आणलं जातं. मिनरल मिक्श्चरमधल्या चुनखडीकडे कुणी बघत नाही.

झिंक ऑक्साइडची कथा याच्या उलट. जस्ताची ही पांढरी पूड पाण्यात विरघळत नाही, जठरातही पूर्ण विरघळत नाही, त्यामुळे बरीचशी आतड्यापर्यंत पोचते. १९८० च्या दशकाअखेर डेन्मार्कमध्ये असं दिसलं की किलोला २५०० मिलिग्रॅम जस्त या रूपात दोन आठवडे दिलं तर हगवण बरीच घटते. टनाला सुमारे ३.१ किलो पूड. पण तेवढं जस्त पिल्लाच्या अंगी लागत नाही, शेणातून शेतात जातं. जस्त कुजत नाही, मातीत साचत राहतं, आणि जस्ताला सरावलेले काही जंतू प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत. युरोपीय संघाने २६ जून २०२२ पासून ही मात्रा बंद केली, आता किलोला एकूण १५० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. उसाला आणि भाजीला डुकराचं खत घालणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

लोहाचं थोडक्यात. जन्मताना पिल्लाकडे सुमारे ५० मिलिग्रॅम लोह असतं, रोज ७-१० मिलिग्रॅम लागतं आणि आईच्या दुधातून मिळतं जेमतेम १. म्हणून तिसऱ्या दिवशी मानेच्या स्नायूत २०० मिलिग्रॅम आयर्न डेक्स्ट्रान देतात. तो विषय तिथेच मिटतो. नंतर खुराकात हिराकस (लोहाचा क्षार) ओतून चव बिघडवायची आणि लोहावर वाढणाऱ्या जंतूंना पोसायचं, याला अर्थ नाही. 'पिल्लू माती खातंय म्हणजे मिनरल कमी पडलंय' हेही सरसकट खरं नाही. डुकराचं नाक उकरण्यासाठीच असतं.

हगवण लागली की गोठ्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधणं आणि 'नॅनो', 'चिलेटेड' असं छापलेली महागडी बाटली आणणं, यात मला फार फरक दिसत नाही. दोन्हीत कारण शोधायचं टळतं. नजर गव्हाणीतल्या खुराकावर टाकावी.

तपासणी घरच्या घरी होते. काचेच्या ग्लासात एक चमचा मिनरल मिक्श्चर घ्या आणि अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर ओता. फसफसून फेस वर आला तर आत कार्बोनेट भरपूर आहे. डीसीपी असं फसफसत नाही. दोन कंपन्यांच्या पिशव्या शेजारी शेजारी करून बघाव्या. नेमकं प्रमाण कळत नाही, तुलना कळते.

मिसळताना होणारी चूक वेगळी. १० किलो खुराकाला ६ मिलिग्रॅम प्रतिकिलो तांबं म्हणजे ६० मिलिग्रॅम, म्हणजे मोरचूद फक्त ०.२४ ग्रॅम. घरच्या काट्यावर हे मोजता येत नाही. अंदाजाने चिमूट टाकली तर एका घासात काहीच नाही आणि दुसऱ्यात विष. मोरचूद कुटून २४ ग्रॅम घ्या, १ किलो कणीच्या पिठात थोडं थोडं करत घोळा, आणि त्यातलं १० ग्रॅम मिश्रण १० किलो खुराकाला वापरा. कणी मावळातल्या भात गिरण्यांवर स्वस्तात मिळते. शिजवलेल्या कणीचा पांढरा, गोडसर खुराक पिल्लांना बहुतेक धान्यांपेक्षा जास्त आवडतो, म्हणून पहिले दिवस मका थोडा कमी करून ती वाढवावी. मीठ साधारण अर्धा टक्का, तेही पाणी सतत चालू असेल तरच. पाणी बंद पडलं की तेच मीठ मेंदूवर जातं, पिल्लं झटके देतात. हॉटेलचं खरकटं या वयात नकोच. त्यात मीठ किती ते कळत नाही, आणि २०२० पासून देशात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर न उकळलेल्या खरकट्यातूनही पसरतो.

पाण्याचाही हिशेब ठेवावा. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ आहे. शिरूर, दौंडकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड, डाळ न शिजणारं. अशा पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल तर पिल्लाने प्यायलेला प्रत्येक लिटर १० मिलिमोल आम्ल खातो. चुनखडी कमी केली आणि बोअरचं पाणी तसंच ठेवलं तर बचतीतला बराच भाग परत जातो. तपासणीच्या कागदावर कठीणपणाबरोबर 'एकूण क्षारता' हा आकडा मुद्दाम मागून घ्यावा.

नवं मिक्श्चर पिल्लांना आवडतं का, ते विचारायचं तर दोन सारख्या गव्हाणी लावा. एकीत जुना खुराक, दुसरीत नवा, बाकी सगळं तेच. सकाळी वजन करून टाका, दुसऱ्या सकाळी उरलेलं आणि खाली सांडलेलं मोजून वजा करा. नव्याचा वाटा ५० टक्क्यांच्या बराच खाली राहिला तर जीभ 'नको' म्हणते आहे. चार दिवस करा आणि रोज गव्हाणींच्या जागा बदला. पिल्लांना कोपऱ्याची सवय लागते, पाण्याच्या निपलजवळची गव्हाण नेहमी जास्त रिकामी होते. जागा बदलली नाही तर तुम्ही खुराकाची नव्हे, कोपऱ्याची परीक्षा घेत बसाल.