पाणमांजर तळ्यावर येतं तेव्हा

शेततळ्यातले मासे रातोरात कमी झाले की कृष्णा-वारणेच्या काठावर पाणमांजराचा संशय येतो. पण आधी खात्री करा. बगळा आणि पाणकावळा मासा अख्खा गिळतात, मागे काही ठेवत नाहीत. पाणमांजर मोठा मासा काठावर आणून खातं. खवले, काटे, अर्धवट खाल्लेलं धड तिथेच पडलेलं असतं. बांधावरच्या ओल्या मातीत कुत्र्या-मांजराची चार बोटं उमटतात, पाणमांजराची पाच. सगळ्यात पक्की खूण म्हणजे खवल्यांनी भरलेली, माशाच्या उग्र वासाची विष्ठा, पुन्हा पुन्हा त्याच जागी टाकलेली.

महाराष्ट्रातल्या नद्यांत प्रामुख्याने आढळणाऱ्या मऊ केसांच्या पाणमांजराचं वजन ७ ते ११ किलो, आणि त्याला रोज साधारण एक किलो खाणं लागतं. एवढी भूक कशामुळे? देवमाशासारखा चरबीचा जाड थर त्याच्या अंगावर नसतो. दाट केसांत अडकलेली हवा थंडी अडवते खरी, पण पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी झपाट्याने जाते. ती सतत भरून काढायची, म्हणजे सतत खायचं. शिवाय नर, मादी, पिल्लं असं सगळं कुटुंब मिळून शिकार करतं. नदीत मासा निसटू शकतो. तळ्यात त्याला जायला जागाच नसते.

म्हणून त्याला हाकलण्यापेक्षा त्याची वाट अडवणं मला महत्त्वाचं वाटतं. दिवे, वाजणारे डबे, बुजगावणं यांना हा हुशार प्राणी लवकर सरावतो. नायलॉनचं जाळं तो दातांनी फाडतो. लोखंडी जाळीच हवी: भोकं दोन इंचांहून लहान, खालची कड फूटभर पुरून बाहेर वळवलेली, वरची बाहेर झुकवलेली, कारण पाणमांजर उकरतंही आणि चढतंही. मोठ्या तळ्याला झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे क्षणिक झटके सोडणारं यंत्र, चालतं, मात्र तारा जमिनीलगत हव्यात, चार आणि आठ इंचांवर. डुकरांसाठी बांधलेल्या उंच तारेखालून ते सहज शिरतं. तारेला गवत टेकलं की झटका उतरतो, तेव्हा गवत कापत राहा. घरची लाइट थेट तारेत कधीही सोडू नका. त्याने माणसं मेली आहेत.

विष किंवा फास तर नकोच. कातड्यासाठी झालेली शिकार आणि वाळूउपसा यांनी हा प्राणी आधीच कोंडीत सापडला आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. त्रास थांबत नसेल तर वनखात्याला कळवा.

परसातल्या लहान हौदाला एवढा खटाटोप लागत नाही. लोखंडी चौकटीवर जाळी ठोकून झाकण करा आणि संध्याकाळीच ते घालून कडी लावा.