अर्थ पाठ, तरी शब्द परका

मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी १९८७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकातील लेखात मुलांनी शब्दकोश पाहून रचलेली काही वाक्ये दिली होती. ‘झिजवणे’ या अर्थाच्या ‘इरोड’ या इंग्रजी क्रियापदाचा कोशातील खुलासा ज्या शब्दांत होता, त्यांचा ‘बाहेर जेवणे’ असाही अर्थ होत असल्याने एका बालकाने ‘आमचे कुटुंब पुष्कळदा इरोड करते’ असे लिहिले. मूल चुकले खरे, पण त्याला सांगितलेले काम त्याने चोखपणे केले होते. उणीव पद्धतीत होती, कारण शब्द कोणत्या प्रसंगी शोभतो हे व्याख्या सांगत नाही.

‘ओसाड म्हणजे रिकामे’ एवढेच फळ्यावर लिहिले, तर ‘माझा पेला ओसाड आहे’ हे वाक्य मुलाच्या दृष्टीने निर्दोष ठरते. ओसाड घर, ओसाड माळ, ओसाड पडलेले गाव अशा निरनिराळ्या संदर्भांत तो शब्द भेटला, की पूर्वीची वर्दळ आणि आताची उदास शांतता या छटा त्याला आपोआप जाणवू लागतात.

बालभाषेच्या संशोधक सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, तीन-चार वर्षांची मुले ओघात एकदोनदाच कानावर पडलेल्या नव्या रंगनामाविषयीही काहीतरी धरून ठेवतात; मात्र ती पकड अर्धवट असते, हा शब्द रंगाचा आहे इतपतच. पुढचे काम पुनर्भेटीचे, आणि शाळेत नेमकी तीच राहून जाते, असे मला वाटते. एका दिवशी वीस शब्द उतरवून घेण्यापेक्षा चारपाचच निवडावेत आणि ते दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व पुन्हा महिन्याने, वही न उघडता मुलांना आठवायला लावावेत. आठवण्याच्या प्रयत्नानेच स्मरण पक्के होते, हे स्मृतीवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे.

निवड करताना शब्दशिक्षणाच्या अभ्यासक इसाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिओन यांची विभागणी उपयोगी पडते: रोजच्या बोलण्यातले शब्द मुले ऐकूनच शिकतात, एकेका विषयाच्या परिभाषेतले शब्द त्या त्या पाठात येतात, म्हणून भर द्यावा तो ‘संकोच’, ‘चिकाटी’, ‘विपुल’ अशा, अनेक विषयांच्या लेखनात आढळणाऱ्या शब्दांवर. शब्दांची घडण दाखवण्याचाही लाभ होतो. ‘जल’ कळले, की जलचर आणि जलाशय फारसे अनोळखी राहत नाहीत.

मग शब्द खरोखर आला की नाही, हे पाहण्यासाठी त्याचा अर्थ विचारण्याऐवजी असे विचारावे: नुकत्याच आवरलेल्या रिकाम्या कपाटाला ओसाड म्हणता येईल का, आणि नसेल तर का नाही?