कारखाना बंद ठेवणे आणि कारखाना बंद करणे: मंदीत सापडलेल्या सोलापूरच्या यंत्रमागधारकासाठी

मंदीच्या दिवसांत अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पूर्व भागातल्या पेठांमध्ये ज्या शेडला कुलूप दिसते, त्या शेडचा मालक दोन वेगळ्या स्थितींपैकी एकीत असतो. मागणी परत येईपर्यंत त्याने माग थांबवले असतील, किंवा व्यवसायच कायमचा संपवला असेल. बाहेरून कुलूप सारखेच दिसते. कायद्याच्या, बँकेच्या, महावितरणच्या आणि मुख्य म्हणजे कामगाराच्या दृष्टीने मात्र या दोन गोष्टी पूर्णपणे निराळ्या आहेत. शहरातल्या अनेक लहान मालकांचे खरे नुकसान मंदीने जितके केले, तितकेच या दोहोंपैकी आपण नेमके काय करत आहोत हे न ठरवता शेडला कुलूप लावल्याने झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंदी सोलापूरला नवी नाही. सुताचे दर चढलेले असताना टॉवेलला जुन्याच दराची मागणी येते, परगावचा व्यापारी उधारी लांबवतो आणि निर्यातीचा माल गोदामात पडून राहतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेललाही हा फटका चुकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा टॉवेलच्या निर्यातदारांपुढे, आणि त्यांच्याकडून मजुरीवर काम घेणाऱ्या लहान मागधारकांपुढेही, बंद ठेवायचे की बंद करायचे हाच प्रश्न उभा राहिला. त्याच्याही कितीतरी आधी, ऑगस्ट १९४९ मध्ये, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी व्यवस्थापनाने बंद केली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हजारो कामगारांच्या गिरणीसाठी सरकार धावून आले. दहा-बारा माग असलेल्या शेडसाठी कोणी येत नाही, म्हणून तिच्या मालकाने हा फरक स्वतःच नीट समजून घ्यायला हवा.

कारखाना बंद ठेवणे म्हणजे उत्पादन थांबवणे आणि बाकी सर्व काही चालू ठेवणे. जीएसटीची नोंदणी जिवंत असते, त्यामुळे एक रुपयाची विक्री नसली तरी शून्याचे विवरणपत्र मुदतीत भरावेच लागते. ते चुकल्यास दर विवरणपत्रामागे दिवसाला २० रुपये आणि जास्तीत जास्त ५०० रुपये विलंबशुल्क लागते. रक्कम किरकोळ वाटते. पण महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्याने सलग सहा महिने ते भरले नाही, तर अधिकारी स्वतःहून नोंदणी रद्द करू शकतो. मग मागणी परत आल्यावर बिल कोणत्या क्रमांकावर करायचे, हा प्रश्न पडतो. व्यवसाय कराच्या नोंदणीपोटी वर्षाचे २,५०० रुपये, औद्योगिक वसाहतीतल्या भूखंडाचे पाणी आणि सेवा शुल्क हेही माग थांबल्याने थांबत नाही.

विजेचे बिल या बाबतीत फार बोलके असते. बंद शेडच्या बिलात वापरलेल्या युनिटांच्या रकान्यात शून्य असते आणि त्याच्याच खाली स्थिर आकाराची किंवा मागणी आकाराची रक्कम छापलेली असते, कारण ती रक्कम वापरावर नव्हे, जोडणीवर किंवा मंजूर भारावर ठरते. सर्व माग पूर्ण क्षमतेने चालवण्यासाठी घेतलेला भार मालक तसाच ठेवतो आणि महिन्यामागून महिने न वापरलेल्या क्षमतेचे पैसे भरतो, किंवा भरत नाही आणि थकबाकीवर व्याज चढू देतो. खरोखर काही महिन्यांसाठीच बंद ठेवायचे असेल, तर मंजूर भार कमी करून घेण्याचा अर्ज पहिल्याच महिन्यात करावा. कायमचे बंद करायचे असेल, तर वीजजोडणी कायमस्वरूपी खंडित करण्याचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पीडी’ म्हणतात तो, लेखी अर्ज देऊन, शेवटचे रीडिंग स्वतःसमोर घेऊन सुरक्षा ठेव परत मागावी. नुसते मेन स्विच खाली ओढल्याने यांपैकी काहीच होत नाही.

यंत्रांचेही तसेच आहे. बंद ठेवलेल्या शेडमध्ये माग जसाच्या तसा सोडून दिला, तर बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, चढवलेला ताणा (उभे धागे) सैल पडतो, धूळ आणि दमट हवेने सूत कमकुवत होते, फणीला गंज चढतो आणि कातडी भाग वाळून तडकतात. बीम उतरवून झाकून ठेवणे, फणी व वया (ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या तारा) पुसून तेल लावणे, आठवड्यातून एकदा मोटर फिरवून पाहणे, एवढे करण्यासाठी एका जाणत्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, थोड्या मजुरीवर धरून ठेवावे लागते. हा खर्च ज्याला परवडत नाही, त्याचे ‘बंद ठेवणे’ काही महिन्यांत आपोआप ‘बंद करणे’ होते आणि तोवर मागाला फक्त भंगाराचा भाव उरलेला असतो.

सर्वांत महत्त्वाचा फरक कामगाराच्या बाबतीत आहे. तात्पुरत्या कामबंदीत, म्हणजे ले-ऑफमध्ये, कामगाराची नोकरी टिकलेली असते. औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार ५० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला अशा काळात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. कामबंदीतही हजेरीपट ठेवावा लागतो. लहान शेडमध्ये ५० कामगार नसतात, म्हणून ही निम्मी भरपाई तेथे कायद्याने लागू होत नाही. पण त्याचा अर्थ कामगाराला सोडून दिले असा होत नाही आणि त्याची सेवा त्या दिवशी संपत नाही.

कारखाना कायमचा बंद करताना मात्र सेवा संपते आणि तिच्याबरोबर देणीही येतात. एक वर्ष किंवा त्याहून अधिक सलग सेवा असलेल्या प्रत्येक कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी तितके वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. ५० किंवा अधिक कामगार असल्यास बंद करण्याआधी ६० दिवस शासनाला नोटीस द्यावी लागते. ३०० किंवा अधिक असल्यास आधी परवानगी लागते. येथे पुष्कळ मालकांचा एक समज असतो, की मंदीमुळे बंद करावे लागले तर भरपाई कमी होते. मालकाच्या नियंत्रणाबाहेरच्या अटळ परिस्थितीमुळे कारखाना बंद झाल्यास भरपाईला तीन महिन्यांच्या सरासरी वेतनाची मर्यादा आहे, हे खरे. परंतु आर्थिक अडचण, तोटा किंवा न विकलेला माल साचणे ही कारणे त्या ‘अटळ परिस्थिती’त बसत नाहीत, असे १९४७ च्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही स्पष्ट लिहिलेले होते आणि नव्या संहितेतही आहे. मंदी हे बंद करण्याचे प्रामाणिक कारण आहे. देणी बुडवण्याचे नाही.

उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, मुद्दा सोलापुरात विशेष काळजीने पाहायला हवा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाच वर्षे सेवा झालेल्यांना वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाने ती देय असते, आणि एकदा कायदा लागू झाला की नंतर संख्या दहाच्या खाली आली तरी तो लागूच राहतो. आपल्याकडचे बहुतेक विणकर नगावर मजुरी घेतात. नगावर काम करणाऱ्याचे रोजचे वेतन सेवा संपण्याच्या आधीच्या तीन महिन्यांतील एकूण मजुरीच्या सरासरीवर काढतात. याचा अर्थ असा, की मालकाने निर्णय टाळत आठवड्यातून दोन-तीन दिवसच माग चालवत ठेवले आणि मग अखेर बंद केले, तर वीस वर्षे त्याच मागावर उभ्या राहिलेल्या विणकराची ग्रॅच्युइटी त्या शेवटच्या रोडावलेल्या आठवड्यांवर मोजली जाण्याची वेळ येते. मालकाच्या मनात त्याचे वाईट करण्याचा हेतू नसेलही; दिरंगाईने परिणाम मात्र तोच होतो. राज्य कामगार विम्याचेही (ईएसआय) असेच आहे. एप्रिल ते सप्टेंबर या काळातल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला लाभ अवलंबून असतो. म्हणून आज काम आणि वर्गणी थांबली, तर घरातल्या आजारपणाच्या वेळी त्याचा फटका काही महिन्यांनी बसतो, आणि तोवर मालकाला त्याचा विसरही पडलेला असतो.

कामगाराने अंगावर घेतलेल्या उचलीचा, म्हणजे आगाऊ रकमेचा, हिशेबही येथेच मिटवावा लागतो. ‘उचल फिटली, आता देणे-घेणे नाही’ अशा तोंडी बोलण्यावर भरपाई आणि उपदान निकाली निघत नाही. प्रत्येक कामगाराचा स्वतंत्र हिशेब कागदावर मांडून, उचल वेगळी दाखवून, बाकी रक्कम बँक खात्यात जमा करून त्याची सही घेणे दोघांच्याही हिताचे असते.

व्यवसाय बंद करण्याच्या जीएसटीतील प्रक्रियेला एक क्रम आहे आणि तो उलटा झाला तर पैसे जातात. व्यवसाय थांबल्यापासून ३० दिवसांत नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करायचा असतो. नोंदणी रद्द होताना हातात जे सूत, अर्धवट विणलेला आणि तयार माल असेल, त्याच्या खरेदीवर पूर्वी घेतलेली कर-वजावट किंवा त्या मालावर लागणारा कर, यांतली मोठी रक्कम भरावी लागते. म्हणून माल आधी विकावा, बिले आधी करावीत, आणि अर्ज नंतर करावा. नोंदणी गेल्यावर कराचे बिल देता येत नाही आणि व्यापारी तसला माल पडेल भावानेच मागतो. मागांवरही विकताना किमतीवर कर लागतो, ते भंगारात गेले तरी. नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचे विवरणपत्र द्यावे लागते. नोंदणी गेली की सुटलो असे समजून अनेक जण नेमके हेच विसरतात आणि दिवसाला २०० रुपयांप्रमाणे १०,००० रुपयांपर्यंत विलंबशुल्क ओढवून घेतात.

बँकेकडे तारण असलेले माग बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाहीत. बंद ठेवण्याच्या काळात सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, खात्यावरचे व्याज दरमहा चढत राहते आणि थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते अनुत्पादक ठरते. तसे होण्याआधी कर्जदाराने स्वतःहून बँकेकडे जावे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची २०१५ ची चौकट २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना लागू आहे आणि अडचण येत असल्याचे दिसताच मालकाला स्वतः अर्ज करण्याची तीत सोय आहे. बंद ठेवणाऱ्याने हप्त्यांची फेररचना मागावी. बंद करणाऱ्याने एकरकमी परतफेडीची बोलणी करावीत. एकाच महिन्यात दोन्ही बोलल्यास बँक कोणत्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नाही.

भागीदारी असेल, आणि पूर्व भागात भावाभावांची भागीदारी घरोघर आहे, तर एक जास्तीची गोष्ट करावी लागते. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, भागीदारी संपल्याची जाहीर नोटीस दिली जाईपर्यंत एका भागीदाराने फर्मच्या नावाने केलेल्या व्यवहाराला बाकीचेही बांधले जातात. नोंदणीकृत फर्मची नोटीस निबंधकाकडे, शासकीय राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या एका तरी वर्तमानपत्रात द्यावी लागते. धाकट्या भावाने वेगळे होऊन चार वर्षे झाली आणि थोरल्याने जुन्या लेटरहेडवर सूत उधार आणले, तर सूतव्यापारी धाकट्याच्याही दारात येतो. वर्तमानपत्रातल्या त्या लहान चौकटीमुळे हे टळते.

दिवाळखोरी ही या दोहोंपेक्षा वेगळी, न्यायालयाची वाट आहे आणि देणी फेडता येत नाहीत अशा माणसासाठी आहे. सर्व देणी भागवून कारखाना बंद करणारा दिवाळखोर नसतो. आपल्या समाजात हे दोन्ही एकच मानून माणसे लाजेपोटी महिनोन् महिने निर्णय टाळतात, आणि त्या टाळाटाळीतच भागवता आली असती ती देणी न भागण्याइतकी वाढतात.

मग निर्णय कशावर घ्यावा? सहा महिने उत्पन्नाविना स्थिर आकार, व्याज, भाडे आणि जॉबरची मजुरी भरण्याची रक्कम हातात आहे का, आणि मागणी परत येण्याचे एखादे ठोस कारण, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाचा लेखी शब्द किंवा दराचा करार, समोर आहे का, हे पाहावे. दोन्हींना उत्तर होकारार्थी असेल तर बंद ठेवावे, आणि कधीपर्यंत हेही त्याच दिवशी तारीख घालून ठरवावे. एकालाही नकार असेल, तर येणी वसूल होत आहेत आणि माग चालू स्थितीत विकले जाऊ शकतात तोवरच बंद करावे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, असेल तर ४५ दिवसांच्या पुढे थकलेल्या येण्यांवर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट व्याज मागण्याचा हक्क सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने दिलेला आहे. ती मागणी शेड चालू असतानाच करून ठेवावी, कारण बंद पडलेल्या कारखान्याचे पैसे व्यापारी सर्वांत शेवटी देतो. जी रक्कम हाती येईल तिच्यातून कामगारांची देणी सर्वांत आधी द्यावीत.

बंद केल्यानंतरही वह्या आणि बिले रद्दीत घालू नयेत. जीएसटीचे दस्तऐवज त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, आणि आयकर विवरणपत्र वेळेत भरले असेल तर धंद्यातला तोटा पुढची आठ वर्षे दुसऱ्या धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. ज्याला उद्या लहानसे शिलाई युनिट किंवा किराणा दुकान टाकायचे आहे, त्याच्या दृष्टीने बंद शेडच्या हिशेबाच्या वह्यांना किंमत असते. त्या कामगारांच्या हिशेबाच्या कागदांसह एका पेटीत, वर्षवार बांधून ठेवाव्यात.