तेल-पाण्यामधला तिसरा: औषधी इमल्शनांची पार्श्वभूमी

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव, कवठेमहांकाळ भागातल्या बेदाणा शेडवर द्राक्षाचे घड ज्या दुधाळ पाण्यात बुडवून काढतात, ते इमल्शनच, म्हणजे एका द्रवात न विरघळता थेंब-थेंब पसरून राहिलेला दुसरा द्रव. लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट विरघळवायचं आणि १५ मिली डिपिंग ऑइल ढवळत सोडायचं. हे तेल म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट. त्यातल्या मोकळ्या ओलिक आम्लाशी पोटॅशियम मिळून जागच्या जागी साबण होतो आणि तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवतो. सालीवरच्या मेणाचा थर सैल पडतो, म्हणून घड लवकर वाळतात. हेच इथाइल ओलिएट काही तेलकट इंजेक्शनांत द्रावक म्हणूनही चालतं.

भाजल्यावर चुन्याची निवळी आणि खोबरेल घोटून लावायचा घरगुती उपाय जुन्या माणसांना आठवत असेल. स्कॉटलंडमधल्या कॅरनच्या लोखंड कारखान्यात हाच प्रकार जवसाच्या तेलात करत, म्हणून त्याला कॅरन ऑइल म्हणू लागले. (आज भाजलं तर आधी वाहतं गार पाणी आणि मग डॉक्टर; तेल, चुना काही नको.) इथेही साबणच तयार होतो, पण कॅल्शियमचा, आणि सगळं उलटतं. बेदाण्याच्या टाकीत तेलाचे थेंब पाण्यात असतात, तर इथे पाण्याचे थेंब तेलात.

असं का, याचं सुटसुटीत उत्तर अमेरिकेतल्या वाइल्डर बॅनक्रॉफ्ट यांनी १९१३ मध्ये मांडलं: इमल्शन बांधणारा पदार्थ ज्या द्रवात जास्त विरघळतो, तो द्रव बाहेर राहतो. पोटॅशियमचा साबण पाण्याचा सोबती, कॅल्शियमचा तेलाचा. औषधनिर्मितीतला हा सगळ्यात कमी शब्दांत सगळ्यात जास्त सांगणारा नियम आहे, असं मला वाटतं.

तोवर औषधवाल्यांची भिस्त डिंकावर आणि हातावर होती. चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंक खलात घ्यायचा आणि एकाच दिशेने जोरात घोटायचं. मिश्रण पांढरं होऊन बत्त्याखाली चटचट आवाज आला की प्राथमिक इमल्शन जमलं. सांगली-कराडच्या फार्मसी कॉलेजांत पहिल्या वर्षाची मुलं आजही त्या आवाजाची वाट बघतात. डिंक तेल-पाण्यातला ताण फारसा कमी करत नाही. तो थेंबाभोवती जाड पापुद्रा धरतो. साबणासारखा पदार्थ, म्हणजे सर्फॅक्टंट, दोन्ही कामं करतो. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे, त्यामुळे तो बरोबर सीमेवर जाऊन उभा राहतो. १ मिली तेलाचे १ मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर ६ चौरस मीटर पृष्ठभाग तयार होतो. तो सगळा झाकला गेला नाही, तर थेंब एकमेकांत मिसळून तेल वर येतं.

सीमेवरच्या या थराचं मोजमाप करण्याची वाट दाखवली ॲग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनी, घरच्या स्वयंपाकघरात. मुलींना तेव्हा तिथल्या विद्यापीठात प्रवेश नव्हता. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी पॉकेल्सबाईंचं पत्र पुढे धाडलं आणि १८९१ मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. त्याच वाटेवर पुढे गेलेले अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लँगम्युर यांना १९३२ चं नोबेल मिळालं. पॉकेल्सबाईंचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक यायला हवं.

साबणाच्या मर्यादा मात्र उघड होत्या: आम्लात तो फुटतो, क्षारांच्या जड पाण्यात साका होतो, पोटात किंवा शिरेत द्यायला चालत नाही. म्हणून विद्युतभार नसलेले स्पॅन आणि ट्वीन या नावांचे सर्फॅक्टंट आले. ॲटलस पावडर कंपनीच्या विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये त्यांना आकडे दिले, ते म्हणजे एचएलबी, पाण्याकडची आणि तेलाकडची ओढ यांचा तोल सांगणारा आकडा; तो जितका मोठा, तितकी पाण्याकडची ओढ जास्त. स्पॅन ८० चा ४.३, ट्वीन ८० चा १५. साधारण ३ ते ६ असेल तर तेलात पाणी, ८ च्या वर पाण्यात तेल. दोन्ही मिसळून हवा तो मधला आकडा साधता येऊ लागला आणि अंदाजाचं काम गणितावर आलं.

सस्पेन्शनची, म्हणजे द्रवात न विरघळता तरंगत ठेवलेल्या पुडीची, गोष्ट जरा वेगळी. तिथे सर्फॅक्टंट आधी कोरडी पूड भिजवतो. पण कण फारच सुटे राहिले, तर हळूहळू तळाशी बसून असा घट्ट थर होतो की बाटली कितीही हलवा, सुटत नाही. म्हणून कण मुद्दाम सैल पुंजक्यांत ठेवतात.

खरी परीक्षा शिरेतल्या औषधांची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल अंड्यातल्या लेसिथिन या नैसर्गिक सर्फॅक्टंटने बांधून शिरेतून देता येईल असं केलं. मिरजेत शस्त्रक्रियेआधी भुलीसाठी देतात ते पांढरं प्रोपोफॉल त्याच घराण्यातलं: १० टक्के सोयाबीन तेल, १.२ टक्के लेसिथिन. आधी ते क्रेमोफोर ईएल या एरंडेलापासून केलेल्या सर्फॅक्टंटमध्ये होतं. रुग्णांना तीव्र ॲलर्जीसारखा त्रास झाल्याने ते मागे घेतलं आणि १९८६ मध्ये इमल्शन म्हणून बाजारात आणलं. क्रेमोफोर पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधात मात्र राहिला. अमेरिकेत १९९२ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. क्रेमोफोर नसलेलं, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेलं रूप २००५ मध्ये आलं. साध्या पॅक्लिटॅक्सेलच्या सलाईनआधी रुग्णाला स्टिरॉइड आणि ॲलर्जीविरोधी इंजेक्शन आजही द्यावं लागतं, ते मुख्यतः या सर्फॅक्टंटमुळे.