जुन्या बोर्डवर नवे ग्राफिक्स कार्ड: घेण्याआधी एवढे वाचा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: “बोर्ड (मदरबोर्ड) जुना आहे, नवे ग्राफिक्स कार्ड चालेल का?” बहुतेक वेळा चालते. पण कार्ड बसणे वेगळे, चालणे वेगळे आणि पैसे वसूल होणे वेगळे.

बसण्याची काळजी कमी. पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे बोर्डवर कार्ड खोचायची जोडणी, तिच्या आवृत्त्या बदलत गेल्या, तरी लांब स्लॉटचा आकार तोच राहिला. नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये त्या स्लॉटच्या वेगाने चालते. त्याआधीच्या एजीपी स्लॉटमध्ये मात्र आजचे एकही कार्ड बसत नाही.

वेगाची गोष्ट नीट समजून घ्या, कारण नुकसान इथेच होते. १६ लेनच्या (लेन म्हणजे माहिती जाण्याची वाट) स्लॉटमधून ३.० आवृत्तीत सेकंदाला सुमारे १६ जीबी माहिती जाते, ४.० मध्ये त्याच्या दुप्पट. पण स्वस्त कार्डे सगळ्या लेन वापरतच नाहीत. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० आणि एएमडीचे आरएक्स ६६०० यांना ८ लेन आहेत, आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त ४. म्हणजे ३.० बोर्डवर हे शेवटचे कार्ड सेकंदाला जेमतेम ४ जीबीवर येते. त्याच्या ४ जीबी मेमरीच्या मॉडेलमध्ये गेमचा डेटा मावला नाही, की रॅममधून ये-जा सुरू होते आणि खेळ अडखळतो. जुन्या बोर्डसाठी ते घेऊ नका, असे आम्ही स्पष्ट सांगतो. याउलट ४०६० किंवा ६६०० ही कार्डे ३.० बोर्डवर बहुतेक गेममध्ये थोडाच वेग गमावतात.

आवृत्ती नुसत्या बोर्डवर ठरत नाही, प्रोसेसरवरही ठरते. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरला २.०, चौथ्या ते दहाव्या पिढीच्या आय५-आय७ ला ३.० आणि अकराव्यापासून ४.० किंवा त्यापुढची मिळते. एएमडीचा बी५५० बोर्ड ४.० चा आहे, पण त्यावर रायझेन ५६००जी प्रोसेसर असेल तर कार्डाला ३.० च मिळणार. बोर्डवर दोन लांब स्लॉट असतील तर कार्ड प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्येच लावा. खालच्यात बऱ्याचदा ४ लेनच जोडलेल्या असतात.

आता वीज. स्लॉट ७५ वॉट देतो, ६ पिनची वायर आणखी ७५, ८ पिनची १५०. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड ब्रँडेड डेस्कटॉपच्या छोट्या एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) ही वायर बहुतेकदा नसतेच, आणि त्याचा आकारही वेगळा असल्याने बाजारातला दुसरा बसत नाही. अशा मशीनला वेगळी वायर न लागणारे कार्ड द्यावे: ७० वॉटचे आरटीएक्स ३०५० ६ जीबी, किंवा जीटीएक्स १६५० चे बिनवायरचे मॉडेल. बारीक कॅबिनेटसाठी अर्ध्या उंचीचे मॉडेल मागा. हार्डडिस्कच्या वायरीला कन्व्हर्टर लावून मोठे कार्ड चालवू नका. वायर तापून वितळते. प्रोसेसरची ८ पिनची वायर दिसायला तशीच असते, पण ती कार्डासाठी नाही.

२०१२ च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या बोर्डवर नवे कार्ड लावल्यावर पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच राहतो. तिथे बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) जुना पडतो. कंपनीने पुढचे अपडेट दिले असेल तर ते करून घ्यावे. नसेल तर आम्ही कार्ड विकत नाही. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार ही सोय लागते, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येते. ती नसेल तर वेग फार पडतो, म्हणून दहाव्या पिढीच्या खालच्या इंटेल मशीनला आर्क नको.

नव्या कार्डांवर व्हीजीए पोर्ट (जुन्या मॉनिटरची वायर लागते ती जागा) नसतो. जुना मॉनिटर ठेवायचा असेल तर चिप असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागेल.

मुंबईच्या दमट, खारट हवेने स्लॉटमधले संपर्क काळे पडतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी नवे कार्ड लावण्याआधी स्लॉट आणि रॅम साफ करून घ्यावे. आम्ही ते कार्डासोबत मोफत करतो.

तुमचा प्रोसेसर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा असेल तर महागड्या कार्डावर खर्च करू नका. तो प्रोसेसर त्याला पुरा पडणार नाही. आधी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलायला पैसे साठवा.

येताना कॅबिनेट लोकलमधून उचलून आणू नका. बाजूचे झाकण काढून आतला फोटो, एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो, मॉनिटरच्या मागचा फोटो आणि स्लॉटपासून पुढच्या जाळीपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये, एवढे मोबाइलवर घेऊन या. बोर्डचे नाव विंडोजच्या ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये सापडते. तेवढ्यावर बिल करण्याआधीच आम्ही हो की नाही ते सांगू.